दर्याची शिवण

मस्कतच्या वाडी अदाईतल्या निम्म्या हिंदुस्थानी पोरांच्या अंगात जन्मल्यावर पहिलं झबलं गेलं ते अमीरुन्निसाच्या हातचं. वरच्या मजल्यावरच्या केरळी नर्सबाईंच्या जुळ्यांना तिनंच शिवलं, मागच्या गल्लीतल्या सावंतांच्या नातीला तिनंच, आणि समोरच्या ओमानी घरातल्या सातव्या बाळालासुद्धा तिनंच. मऊ मलमल, शिवणीचा जाड भाग बाहेरच्या बाजूला म्हणजे बाळाच्या अंगाला टोचायला नको, आणि पाठीमागे बांधायला बंद. बटण नाही. बटण पोर गिळतं, असं तिचं म्हणणं, आणि शिवणाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची वाडी अदाईत कोणाची छाती नव्हती.

एकाच घरातल्या बाळांच्या अंगात तिच्या हातचं झबलं कधी गेलं नाही. ते घर तिचं स्वतःचं.

तिचा मुलगा जमाल शेजारणींच्या जुन्यापान्या झबल्यांवर वाढला. त्याच्या दोन्ही मुली, थोरली रईसा आणि धाकटी अदीबा, मॉलमधल्या तयार कपड्यांवर वाढल्या. सून सफिया त्या वेळी नवी होती, मनातून चांगलीच दुखावली. "लोकांच्या पोरांना मलमल, आन आमच्या पोरीला प्लास्टिकच्या पिशवीतला माल," असं ती जमालला म्हणाली, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. अमीरुन्निसानं ऐकलं आणि एवढंच सांगितलं, "घरच्याला शिवू नये. आमच्यात नाय शिवत." आमच्यात म्हणजे कोणात, हे जमालला कळेना. त्यानं बाणकोट खाडीकाठच्या यच्चयावत नातेवाइकांना फोन लावून विचारलं. असली चाल कोणाच्या बापजन्मात कोणी ऐकली नव्हती. तेव्हा जित्याची खोड म्हणून त्यानं विषय सोडून दिला, आणि माल भरून आपली गाडी घेऊन किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याच्या फेरीला निघून गेला.

खोड बिड काही नव्हती. भीती होती. पन्नास वर्षांची जुनी भीती, आणि ती तिनं इतकी आत ठेवली होती की तिच्या नवऱ्यालासुद्धा तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. नवरा इद्रूस, मस्कतच्या रुवी भागात शिंप्याचं दुकान चालवायचा. त्र्याऐंशी साली त्यानं तिला आणि जमालला मस्कतला आणलं. सकाळी तो दिशदाशे, म्हणजे ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे, बेतायचा आणि दुपारभर ती शिवायची. ओमानी गिऱ्हाइकांना तिच्या हातचा गळा ओळखू यायचा. तेवीस वर्षं दोघांनी एका यंत्रावर संसार केला. मग इद्रूस गेला, दुकान गेलं, यंत्र घरी आलं, आणि आधी फावल्या वेळात शिवायची ती झबली हेच तिचं काम झालं.

दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात ती भीती पुन्हा वर आली, कारण रईसाला पाचवा महिना लागला.

रईसा किनाऱ्यावरच्या सहम गावी दिली होती; तिच्या नवऱ्याचं, अम्मारचं, तिथं मसाल्याचं दुकान. गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "दादी, रविवारी मोठा स्कॅन हाय. सगळे अवयव बघतात त्यात. स्कॅन झाला का मी सरळ तुझ्याकडे येते. माझ्या बाळाला तरी एक झबला शिव गो. एकच."

"इन्शाल्ला," अमीरुन्निसा म्हणाली. आखातात राहिलेल्या माणसाला ठाऊक आहे, नाही म्हणायचं जिवावर आलं की हाच शब्द तोंडातून निघतो. रईसालाही ठाऊक होतं. ती अम्मीला फोन दे म्हणाली.

त्या रात्री अमीरुन्निसा जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली. सगळे अवयव बघतात, असं पोरगी म्हणाली होती. त्या स्कॅनमध्ये काही वेडंवाकडं निघालं, तर ते कुठून आलं हे या जगात फक्त तिला ठाऊक होतं. पोरीला आधीच सांगावं? सांगितलं तर पाच महिन्यांच्या पोटुशीच्या काळजाचं पाणी होईल, आणि अम्मारच्या घरचे काय म्हणतील ते वेगळंच. आणि न सांगावं, तर उद्या अल्लापुढे काय तोंड दाखवायचं? रविवारच्या आत याचा निकाल लावायला हवा होता.

आता ही भीती कुठली, ते सांगायला तिच्या बापापर्यंत जावं लागेल.

तिचा बाप कासम होडेकर. ती त्याला बावा म्हणायची. बावा आगबोटीवर आगवाला होता, म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा लोटणारा. त्रेचाळीस साली, ऐन लढाईत, तो मुंबईहून बोटीवर चढला. निघताना त्याच्या आईनं, खैरुन्निसानं, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, की परक्या मुलखात दारू पिणार नाही, जुगार खेळणार नाही आणि बायस्कोप बघणार नाही. पहिल्या दोन शपथा कोणतीही आई घालील. तिसरी खैरुन्निसाची खास होती. गावातला एक पोरगा मुंबईत बायस्कोपच्या नादानं वाया गेला होता, आणि तेव्हापासून बायस्कोप म्हणजे सैतानाची खिडकी हे तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. नातवंडांनी गंमत म्हणून भिंतीवर हाताच्या सावलीचा ससा केला तरी ती दिवा फुंकायची.

सत्तेचाळीस साली बावा दर्याला रामराम ठोकून कायमचा घरी आला, आणि पुढच्या साली अमीरुन्निसा झाली. तिला आठवतो तो पडवीत बसलेला, भोवती अर्धा मोहल्ला गोळा झालेला बावा. खलाशी घरी आला की त्यानं गोष्टी सांगायच्या, हा गावचा रिवाजच. गोष्ट कोणी तपासत नसे. बोटीवरचा माणूस बाहेर बघून आलाय, आपण बघितलेलं नाही, तेव्हा त्यानं सांगावं, आपण ऐकावं. बावाच्या पोतडीत लढाईच्या पुष्कळ गोष्टी होत्या. नारळाच्या झाडांची बेटं, त्यांच्यावर उतरणाऱ्या पलटणी, सपाट तोंडाच्या होड्या, तोंड उघडलं की आतून गाडी बाहेर. पण लोक पुन्हा पुन्हा मागायचे ती गोष्ट एकच.

"दर्या उभा ऱ्हायला," बावा सांगायचा. "बोटी होत्या रांगेत, रिकाम्या. आन एकाएकी दर्या उभा ऱ्हायला, मशिदीच्या मिनारासारखा, शंभर मिनार एकावर एक. डोक्यावर पांढरं मुंडासं. मोठाल्या बोटी त्याच्या पायाशी मुंग्यांवानी. आवाज नाय. धमाका नाय. निस्ती टरटर, टरटर, कपड्याची मशीन चालावी तशी. रंग सगळे गेले, दर्या राखाडी, आभाळ राखाडी. आन त्या उभ्या दर्याच्या मधोमध, वरपास्नं खालपातूर, शिवण."

"शिवण?" कोणीतरी विचारायचंच.

"शिवण. अल्लानं दर्या दोन पाटांचा शिवला हाय. ती बघितली मी."

बायका तोंडावर पदर घ्यायच्या. खैरुन्निसा तसबीहचे मणी ओढत मान डोलवायची. आणि पोरं बावाच्या हातांवरचे पांढरे डाग धरून विचारायची, हे कशानं? तो म्हणायचा, "त्या दर्याची वाफ लागली." एवढं सांगून बिडी पेटवायचा.

अमीरुन्निसाला ही गोष्ट इतकी आवडायची की पुढे ती शिवण शिकली त्याचं मूळ यात असावं, असं ती स्वतःच म्हणते. दर्या शिवता येतो, तर परकराचं काय.

मग ती दहा-अकरा वर्षांची असताना शाळेत गुरुदत्त मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. अणुबाँब म्हणजे काय, त्याचा लोळ कसा उभा राहतो, समुद्रात तो फोडून कसा बघितला, सगळं. आणि मास्तर म्हणाले, ज्याच्या अंगावर त्याची वाफ गेली, त्याच्या सात पिढ्या सुटत नाहीत. पोरं मेलेली निपजतात, नाहीतर वाकडी. मास्तरांनी ते कुठं वाचलं, का आपल्या पदरचं घातलं, अल्ला जाणे. पण अमीरुन्निसा बाकावर बसल्या जागी गार पडली. वाफ. बावाचे हात. आणि ती तर त्या वाफेनंतरची पोर.

तरी पोरवय. विसरलीही असती. पण लग्न झालं, दिवस गेले, आणि तिनं हौसेनं सात झबली शिवली, आठवड्याच्या एकेका वाराला एक. बाळ मेलेलं जन्मलं. मुलगा होता. सुईण म्हणाली, नाळ गळ्याला पडली, होतं असं. सासरचे कोणी वाईट बोलले नाहीत. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिनं मुकाट्यानं ती सात झबली पेटीच्या तळाला घातली, पुढे कधीतरी वाटून टाकली, आणि घरच्याला शिवायचं नाही असं स्वतःलाच बजावलं. तीन वर्षांनी जमाल झाला तेव्हा त्याच्या कानात अजान द्यायच्या आधी तिनं त्याची बोटं मोजली. हाताची, पायाची, पुन्हा हाताची. वीस भरली. पुढे तिला धीर झाला नाही. इद्रूसला मुलगी हवी होती, फार हवी होती. वर्षानुवर्षं तो म्हणत राहिला आणि ती काही ना काही सबब काढत राहिली. मिळालं एक चांगलं, आता अल्लाची परीक्षा बघू नये, हे ती मनात म्हणायची. इद्रूसला म्हणायची, यंत्रावर बसून कंबर दुखते.

शुक्रवारी दुपारी जमाल जुम्म्याची नमाज पढून, जेवून आडवा झाला होता. सफिया स्वयंपाकघरात सहमहून आलेली सुरमई साफ करत होती. अमीरुन्निसा खिडकीखाली यंत्रापाशी बसली होती, पण पाय पायट्यावर ठेवलेला नव्हता. अदीबा लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी गालिच्यावर पसरली. अदीबा दहावीला. लढाई संपल्याला सत्तर वर्षं झाली म्हणून शाळेत प्रदर्शन होतं, आणि तिच्या वाट्याला पॅसिफिक महासागर आला होता. अमेरिकी लष्करानं त्या वेळी काढलेल्या आणि आता इंटरनेटवर खुल्या केलेल्या फिल्म्स ती दोन दिवस बघत होती.

"दादी, तुझे फादर पण वॉरमधे होते ना? शिपवर? अब्बा म्हणला."

"होते."

"मग बघ ना माझ्यासोबत. मे बी त्यांचा शिप दिसेल."

नको म्हणायला कारण सुचेना, म्हणून अमीरुन्निसानं चष्मा लावला. आणि बघता बघता ती पुढे सरकली. बावाची बेटं होती! नारळाची झाडं, वाळू, सपाट तोंडाच्या होड्या, तोंड उघडलं की आतून गाडी बाहेर. "अगदी असंच सांगायचा," ती म्हणाली. "कणभर खोटं नाय." पोरीलाही जोर चढला. एकामागून एक फिल्म लागत गेली. आणि मधेच, काही सांगायच्या आत, पडद्यावर रांगेत रिकाम्या बोटी दिसल्या.

"हे वॉरनंतरचं आहे," अदीबा म्हणाली. "नाइन्टीन फॉर्टी सिक्स, जुलै. बिकिनी नावाचा आयलंड. अॅटम बाँबचा टेस्ट केला, समुद्राच्या आत. बघ हं."

दर्या उभा राहिला.

अमीरुन्निसाचा हात यंत्राच्या चाकावर होता, तो तिथंच घट्ट झाला. पन्नास वर्षं जे डोळे मिटून बघितलं ते हे. मिनार, मुंडासं, मुंग्यांसारख्या बोटी, राखाडी आभाळ. म्हणजे बावा खरं सांगत होता. म्हणजे वाफही खरी. तरी शिंपीण ती शिंपीण. घाबरलेल्या डोळ्यांनीसुद्धा ती मधोमध बघत होती.

"शिवण कुठाय?"

"व्हॉट?"

"मधोमध शिवण असते. वरपास्नं खालपातूर. परत लाव."

अदीबानं परत लावलं. शिवण नव्हती. तिसऱ्यांदा लावलं, तरी नव्हती. दर्या अखंड उभा राहिला आणि अखंड खाली आला. "दादी, पाण्याला कसली शिवण?" असं म्हणून पोरीनं पुढची फिल्म लावली. कॅमेऱ्याला दिसली नसेल, अमीरुन्निसानं स्वतःला सांगितलं. अल्लाची शिवण, ती काय कॅमेऱ्याला दिसते?

पुढची फिल्म कसलीच नव्हती, तशी. ना तोफ, ना विमान. दिवस कलता, एक बोट बंदरात नांगरलेली. डेकवर खलाशी मांड्या घालून बसलेले, कोणी उघडे, कोणी टोपी तिरकी घातलेले, सगळे पाठमोरे. समोर दोघं जण दोरीवर एक भला मोठा पांढरा कपडा चढवत होते. वाऱ्यानं तो फुगायचा, ते ओढून बांधायचे.

"मूव्ही बघतात," अदीबा म्हणाली. "मागे प्रोजेक्टर आहे."

अमीरुन्निसाला कपडा दिसत होता. एवढ्या रुंद पन्ह्याचं कापड कुठं मिळायचं. म्हणून दोन चादरी घेऊन जोडलेल्या. शिवणारा कच्चा होता. शिवण दाबलेली नव्हती, वर एक जाड काठ राहिला होता, आणि तो काठ कपड्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत सरळ उतरत होता. मग कपड्यावर चित्र हललं. घोड्यावर बसलेला एक माणूस धावत आला, आणि शिवण घोड्याच्या पोटातून गेली. घर आलं, शिवण घरातून गेली. बाईचा चेहरा आला, तिच्या नाकावरून गेली.

"थांब," अमीरुन्निसा म्हणाली. "थांबव ते."

अदीबानं थांबवलं.

"ह्या कपड्यावर मघाचा दर्या दाखवला असता तर?"

"तर काय?"

"तर त्याच्या मधोमध शिवण दिसली असती."

"ऑफ कोर्स. कापडाची."

"आन ती मशीन... तिचा आवाज कसा येतो? ऐकव मना."

पोरीला काहीच कळत नव्हतं, पण दादीचा चेहरा बघून तिनं विचारलं नाही. शोधून जुन्या प्रोजेक्टरचा आवाज लावला. टरटर, टरटर. कपड्याची मशीन चालावी तशी.

अमीरुन्निसानं कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. साधंसुधं नाही, पोट धरून, चष्मा काढून, श्वास अडकेपर्यंत. "बावा बायस्कोप बघाया गेलेला! गो अदीबा, माझा बावा बायस्कोप बघाया गेलेला!" आणि हसता हसता तिला जे रडू कोसळलं ते आवरेना. सफिया माशाच्या हातांनी धावत आली. जमाल उठून दारात उभा राहिला. म्हातारीला झटका आला असंच दोघांना वाटलं.

मग तिनं सांगितलं. बावाची गोष्ट, खैरुन्निसाची शपथ, मास्तरांचं वर्तमानपत्र, सात झबली, सगळं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तोंडाबाहेर पडत होतं, त्यामुळे पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं, पण झालं. बावानं तो उभा दर्या बघितला तो पडद्यावर, कुठल्याशा बंदरात, पलटणीच्या लोकांमागे बसून. आता आईच्या डोक्यावर हात ठेवलेला. पडवीत तसबीह ओढत ती समोर बसलेली. बायस्कोप बघितला म्हणायची सोय नाही, आणि एवढी गोष्ट पोटात ठेवायची ताकद नाही. मग त्यानं पडदा तेवढा गाळला आणि बाकीचं सगळं, टरटर आणि शिवणीसकट, प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आणि हातांचे डाग? आगवाल्याचे हात भट्टीनं भाजतात, यात नवल ते काय. हातच्या काकणाला आरसा कशाला! पण भीती बसली की माणसाला हातचं काकणही दिसत नाही.

"म्हणजे रईसा झाली तवा तुम्ही बोटं मोजत होता ती..." सफियानं विचारलं. तिला ते आठवत होतं. आपल्या लेकीत खोट काढतेय म्हणून तेव्हा तिनं मनात धरलं होतं. अमीरुन्निसानं मान हलवली. सफिया हात न धुताच तिच्याशेजारी बसली आणि माशाचा वास तसाच ठेवून तिला मिठी मारली.

"आये गो, अम्मी, निदान मना तरी सांगायचंस," जमाल म्हणाला. "डॉक्टरला विचारलं असतं."

"डॉक्टर हो म्हणला असता तर?" अमीरुन्निसानं विचारलं.

अदीबा मात्र शास्त्र शिकलेली. "दादी, पण प्रूफ? ही तर थिअरी झाली. त्यांची डेट बघायला पाहिजे, जुलै फॉर्टी सिक्सला कुठे होते."

अमीरुन्निसा उठली आणि कपाटातून ओमानी हलव्याचा पत्र्याचा डबा काढून आणला. त्यात बटणं. बटणांखाली मेणकापडात गुंडाळलेली बावाची नल्ली, म्हणजे खलाशाची चोपडी. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, त्याचे शिक्के तिच्यात असतात. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवा म्हणून तिनं ती कधी कोणापुढे धरली नव्हती. त्यात त्या बेटाचं नाव निघालं तर? म्हणून गाव सुटला, देश सुटला, तरी ती चोपडी बटणांखाली मिटलेलीच राहिली. आता तिनं ती नातीच्या हातात दिली, पण दिल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली. शिवण खरी, टरटर खरी. तरी तारीख काय निघेल, कोण जाणे.

अदीबानं पानं जपून उलटली. "इथे आहे. डिस्चार्ज्ड, बॉम्बे, चार जून नाइन्टीन फॉर्टी सिक्स. नंतरचं... एंगेज्ड, बॉम्बे, अकरा सप्टेंबर." तिनं वर बघितलं. "दादी, जुलैमधे ते शिपवर नव्हतेच. घरी होते."

"घरी?" अमीरुन्निसा वळली. "जुलैत घरी म्हणजे... लावणीला होता. आई सांगायची, लढाईनंतर एक पाऊस घरी ऱ्हायला, चिखलात पाय घालायची सवय गेली म्हणून शेतात तोंडावर पडला." तिकडे दर्या उभा राहत होता, आणि इकडे बावा गुडघाभर चिखलात भात लावत होता. पडद्यावरचा दर्या त्यानं बघितला तो सप्टेंबरात पुन्हा बोटीवर चढल्यावर. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते तिला त्या घडीला कळलं. भूक लागली.

आधी तिनं बापाला शिव्या दिल्या, तोंडभरून. "एवढीशी चोरी लपवलीस, आन माझी पन्नास वर्षं खाल्लीस, मेल्या!" मेलेल्या बापाला मेल्या म्हटलं म्हणून तौबाही केली. मग सफियानं गरम भाकरी आणि सुरमईची तळलेली तुकडी पुढ्यात ठेवली, ती तिनं संपवली, आणि दुसरी मागितली. खाता खाता मधेच थांबली. "इद्रूसला मुलगी पायजे होती," ती म्हणाली. त्या एका गोष्टीला आता इलाज नव्हता, आणि ती तशीच तिच्याजवळ राहणार होती. मग तिनं भाकरीचा पुढचा घास मोडला.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाल्यावर तिनं मलमलीचा तागा काढला. जमिनीवर अंथरला, हातानं सपाट केला आणि कात्री घेतली. माप घ्यायला बाळ नव्हतं, पण तिला कधीच लागत नसे. वितीभर आणि वर चार बोटं.

सफिया दारातून बघत होती. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं, आणि आता तिचाच धीर होईना. "अम्मी, रविवार काय लांब हाय? स्कॅन होऊन दे की. मग कापा."

"स्कॅन डॉक्टरचं काम. झबलं माझं." अमीरुन्निसानं कात्री चालवली. "पोरीला फोन लाव. सांग, दादी शिवतेय. आन इन्शाल्ला बिन्शाल्ला नाय, खरंच शिवतेय."

पहिलं झबलं कापताना तिनं समोरचा भाग अखंड न ठेवता दोन पाटांचा केला आणि मधोमध सरळ जोडला. अदीबानं विचारलं, कापड तर एवढं मोठं आहे, जॉइंट कशाला?

"दर्याला चालतो, तर झबल्याला काय झालं," दादी म्हणाली, आणि पाय पायट्यावर ठेवला. टरटर सुरू झाली. शिवण मात्र तिनं चांगली दाबून घेतली. बोटीवरच्या त्या कच्च्या शिंप्यासारखा काठ वर राहू दिला नाही.

फोनवर पलीकडे रईसा आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, एकच पुरे गो, दमशील. अमीरुन्निसाचं तिकडे लक्ष नव्हतं. एक संपलं की ती दुसरं बेतत होती आणि ओठातल्या ओठात आठवड्याचे वार मोजत होती. तिन्हीसांजेला मगरिबची बांग झाली तेव्हा सातही झबली कापून झाली होती, आणि स्कॅनला अजून दोन दिवस होते.